रडू आलं म्हणजे सिनेमा चांगला का?

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी पन्नाशी ओलांडलेली गृहिणी. कळायला लागल्यापासून सिनेमे पाहते आहे; थिएटरात, टीव्हीवर, आता मोबाइलवरसुद्धा. माझी मुलगी चित्रपटाचं शिक्षण घेते आहे. पूर्वी आम्ही दोघी सिनेमा पाहून आलो की रात्री उशिरापर्यंत त्यावर बोलत बसायचो. हल्ली मी बोलायला बिचकते. मध्यंतरी आम्ही एका आजारी मुलाची गोष्ट असलेला सिनेमा पाहिला. उत्तरार्धात माझ्या डोळ्यांचं पाणी खळलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आई, त्यांनी रडवलं आणि तू रडलीस. यात सिनेमा कुठे होता?" नंतर तिने तिचा एक आवडता, फार संथ सिनेमा मला दाखवला, तर मला चक्क झोप लागली. ते तिच्या मनाला लागलं. आता तिने "कसा वाटला?" विचारलं की मी "छान होता" म्हणते आणि विषय बदलते. चांगला सिनेमा आणि वाईट सिनेमा ओळखायचा तरी कसा? माझं रडणं खोटं होतं का? आणि या वयात मी ते तांत्रिक शब्द शिकायला घ्यावेत का?

एक वाचक

उत्तर

नमस्कार,

तुमचं रडणं खोटं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पत्रातला खरा सल तोच दिसतो. डोळ्यांत पाणी येतं ते ठरवून येत नाही. आणि तुमच्या लेकीनेही तुमच्या रडण्याला नावं ठेवलेली नाहीत. तिचं वाक्य पुन्हा वाचा, ती सिनेमाबद्दल बोलत होती. तिचा प्रश्न बोचरा आहे पण रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करू.

आजारी मूल, उशाशी बसलेली आई, डॉक्टरांचा उतरलेला चेहरा. हे कुणीही, कसंही दाखवलं तरी आपल्या पोटात कालवतं. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी वाचली तरी कालवतं. ते दुःख त्या विषयाचं असतं, दिग्दर्शकाच्या खात्यावर ते आपोआप जमा होत नाही. इतकी वर्षं सिनेमे पाहून माझ्याजवळ एकच कसोटी उरली आहे: सिनेमाने माझ्याकडून जे घेतलं, मग ते रडू असो, हसू असो, भीती असो की संताप, ते त्याने कमावलं का? की विषयाच्या जोरावर आयतं उचललं?

कमावणं म्हणजे काय, हे एका सिनेमावरून सांगते. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तही (१९५५) एक मूल जातं. दुर्गा पावसात भिजते, तापाने फणफणते आणि वादळी रात्री दगावते. बाप, हरिहर, कामाच्या शोधात परगावी असतो. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. तो परततो, पडझड झालेलं घर बघतो, आणि आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोपुढे, सर्वजयेपुढे, ठेवू लागतो. त्यांत दुर्गासाठी आणलेली साडी निघते. ती हातात आल्यावर सर्वजया कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा कर्कश वाटावा इतका चढा सूर येतो.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काय झालं ते शब्दांत सांगता येत नाही, पण असं का होतं ते आता थोडंफार कळतं. आईच्या रडण्याचा आवाज आपल्या कानांना सरावाचा आहे. तो ऐकला असता तर आपण सवयीने रडलो असतो. राय यांनी तो आवाज काढून घेतला आणि तो हंबरडा आपल्या आत उठवला. आणि हे एका दृश्यात साधलेलं नाही. दुर्गा ही तोवर आपल्याला चांगली ओळखीची झालेली असते. ती म्हाताऱ्या आत्यासाठी शेजारच्या बागेतून पेरू चोरते, धाकट्या भावाला, अपूला, घेऊन आगगाडी बघायला माळावरून धावत सुटते, हार चोरल्याच्या आळावरून आईच्या हातचा मार खाते. म्हणून ती जाते तेव्हा 'एक मूल' जात नाही, दुर्गा जाते.

त्या हाराचं पुढे काय होतं ते आठवतंय? शेवटी घर सोडायची बांधाबांध चालू असताना अपूला एका भांड्यात तो हार सापडतो. म्हणजे दुर्गाने तो घेतला होता. अपू तो उचलतो, बाहेर जातो आणि तळ्यात भिरकावून देतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. एक अक्षर कुणी बोलत नाही. बहिणीवरचा आळ खरा होता आणि भावाने तो कायमचा झाकून टाकला, हे आपलं आपल्याला उमगतं. एवढ्याशा पोराच्या मनात केवढा समजूतदारपणा आला, तोही दुःखातून, हेही उमगतं.

आता तुम्हाला रडवणाऱ्या त्या सिनेमातला मुलगा आठवा. त्याला काय आवडायचं? तो कुणाला छळायचा? खोटं बोलायचा का? घरात त्याची कुणाशी खोडी, कुणाशी गट्टी? यांतलं काही आठवलं तर सिनेमाने कष्ट घेतले होते, आणि लेकीला तसं ठणकावून सांगा. पण फक्त गोरटेलं गोजिरं तोंड, सलाइनची नळी आणि व्हायोलिन आठवत असतील, तर तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या मुलाला माणूस होऊच दिलं नाही. त्याला आजारी पडण्याचं काम दिलं होतं, ते त्याने केलं.

व्हायोलिनवरून आठवलं. तो सिनेमा घरी पाहायला मिळत असेल तर सर्वांत जास्त रडू आलं ते दृश्य आवाज बंद करून पाहा. मी हे कितीतरी सिनेमांच्या बाबतीत केलं आहे. काही दृश्यं मुकी झाल्यावरही तेवढीच धरून ठेवतात. काहींत मात्र नुसते चेहरे एकमेकांकडे बघत असतात आणि सगळं काम वाद्यवृंद करत होता हे लक्षात येतं. याचा अर्थ पार्श्वसंगीत वाईट असा मुळीच नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज'मधला (१९७५) यांत्रिक शार्क चित्रीकरणाच्या वेळी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे तो पडद्यावर पुष्कळ वेळ दिसतच नाही. त्याच्या जागी जॉन विल्यम्स यांचे ते दोन सूर येतात, आणि शांत पाणी बघूनसुद्धा आपण पाय वर घेतो. तिथे संगीत हेच ते जनावर आहे. चित्रात नाही ते संगीताने आणलं तर ती कला. चित्रात आधीच असलेलं ते कानाशी ओरडून सांगू लागलं की समजावं, दिग्दर्शकाचा आपल्यावर विश्वास नाही.

संवादांचंही तेच. 'मी आता एकटी पडले आहे' असं पात्र म्हणतं तेव्हा मला वाईट वाटत नाही, माहिती मिळते. उपदेशाचे सिनेमे मला म्हणूनच सहन होत नाहीत, मग त्यांचा विचार मला कितीही पटलेला असो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याचं कुटुंब गावादेखत डुकरामागे धावत असतं, शाळेतली पोरं हसत बघत असतात, डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरचेही थबकतात. डुक्कर निघून जातं. जातीबद्दल, देशाबद्दल आणि त्या मुलाच्या शाळेवरच्या विश्वासाबद्दल तासाभराच्या भाषणात मावणार नाही एवढं त्या अर्ध्या-एक मिनिटात आहे, आणि कुणीही आपल्याकडे वळून 'बघा, केवढा अन्याय' म्हणत नाही. विषय मोठा असला की सिनेमा मोठा होतो, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे. पुष्कळ सिनेमे त्या पुण्याईवर खपून गेले. विषय मोठा निवडला तर जबाबदारी वाढते, एवढंच.

आणखी एक गोष्ट मी पाहते, आणि याबाबतीत मी कडक आहे. सिनेमा आपल्या नावडत्या पात्राशी कसा वागतो? चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) सरकारी वकील बाई न्यायालयात जुनाट कायद्यांची कलमं एकसुरात वाचून दाखवतात, एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी. त्यांचा राग येणं अगदी सोपं होतं. पण कॅमेरा त्यांच्यामागे घरी जातो. त्या लोकलने प्रवास करतात, स्वयंपाकाला लागतात, घरच्यांबरोबर नाटकाला जातात. बाई आपल्यातल्याच आहेत, हे कळल्यावर राग मावळत नाही, उलट तो कुणावर काढावा हेच कळेनासं होतं, आणि तिथे सिनेमा खोल जातो. 'संत तुकाराम'मधली (१९३६) गौरी यांनी साकारलेली जिजाई घ्या. करवादणारी, कष्टाळू, देवावर चिडलेली. तिच्या तोंडाचा पट्टा घरातल्या उपाशी पोरांपायी चालतो, हे तो सिनेमा कधी विसरत नाही. तिला नुसती कजाग दाखवली असती तर तुकोबांचं मोठेपणही पुठ्ठ्याचं झालं असतं.

आता झोपेकडे येऊ. संथ सिनेमात झोप लागली यात अपराध काही नाही. दिवसभराच्या कामानंतर रात्री अंधारात बसलं की शरीर आपला हक्क मागतं. पण संथ आणि रिकामा यांत फरक करायला हवा, आणि तो तुमच्या लेकीनेही करायला हवा. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा लांब, एका जागी उभा असतो. कुठे बघायचं हे तो सांगत नाही, म्हणून आपण न्यायाधीशांकडे बघतो, मग कारकुनाकडे, मग मागच्या बाकावर ताटकळणाऱ्या माणसांकडे. शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, दालन रिकामं होतं, एकेक दिवा मालवला जातो. दुसऱ्या कुणीही तिथे सिनेमा संपवला असता. हा संपवत नाही. पुढे काय येतं ते सांगत नाही, पण त्या अंधाराच्या वेळी मी जेवढी जागी होते तेवढी मारामारीच्या सिनेमातही नसते. तो संथपणा भरलेला आहे. याउलट, पात्र खिडकीबाहेर बघतंय, बघतंय, आणि खिडकीबाहेरही काही नाही आणि त्याच्या मनातही काही नाही, असे सिनेमेही मी महोत्सवांतून पुष्कळ पाहिले आहेत. सावकाश चाललं म्हणजे गंभीर झालं, असं होत नाही. तसंच लांबीचं. अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) जवळजवळ साडेतीन तासांचा आहे आणि त्यात एक मिनिट जास्त वाटत नाही, कारण माणसं जमवण्यात आणि गाव ओळखीचं करण्यात त्याने वेळ घालवला म्हणूनच पुढच्या लढाईतला प्रत्येक मृत्यू आपल्याला मोजावा लागतो. आणि दीड तासाचे सिनेमेही मला अनंत वाटले आहेत.

तांत्रिक शब्द शिकावेत का, असं विचारता. आवड असेल तर जरूर शिका, पण बिचकून शिकू नका. तंत्र तुमच्यावर आधीपासून काम करतंच आहे, नाव ठाऊक असो वा नसो. सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) पाहा. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) केला, तो कदाचित तुम्ही पाहिलाही असेल. बारा ज्यूरी सदस्य, एक खोली, उकाडा, आणि एका मुलाच्या जिवाचा निर्णय. ल्युमेट यांनी काय केलं, तर सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या थोडा वर ठेवला, मधल्या भागात नजरेच्या रेषेत आणला आणि शेवटच्या भागात नजरेच्या खाली नेला, त्यामुळे हळूहळू छत दिसू लागतं. शिवाय सिनेमा पुढे सरकतो तसतशा अधिकाधिक लांब पल्ल्याच्या लेन्स वापरल्या, म्हणजे मागची भिंत माणसांच्या अंगाशी आल्यासारखी वाटते. खोली तेवढीच असते आणि ती लहान होत जाते. हे सगळं लेकीला वर्गात शिकवलं असेल. तुम्हाला तो बघताना घुसमटल्यासारखं झालं, गळ्याशी आल्यासारखं झालं आणि शेवटी ती माणसं बाहेर मोकळ्यावर आल्यावर तुम्ही श्वास सोडला, तर तुम्हालाही ते कळलं आहे. तिच्याकडे त्याचं नाव आहे, तुमच्याकडे त्याचा अनुभव आहे. तुम्ही अनुभव सांगा आणि ती नाव सांगेल, यापेक्षा चांगली जोडी सिनेमाला मिळत नाही.

म्हणून "छान होता" हे उत्तर आजपासून बंद करा. तुम्ही बिचकता हे तिला बहुधा ठाऊकच नाही. तिला वाटत असेल, आईला आता माझ्याशी बोलण्यात रस उरला नाही. तिला स्पष्ट सांगा, "तू त्या दिवशी जे बोललीस त्यानंतर मला बोलायचा धीर होत नाही." मग सिनेमा पाहिला की आवडला-नावडला यापासून सुरुवात करू नका. एक दृश्य निवडा आणि फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगा. "ती दार लावून घेते तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि मला वाटलं, आता ही परत येणार नाही." बस. हे निरीक्षण झालं आणि यावर कुणालाही तुम्हाला 'तुला कळत नाही' म्हणता येणार नाही. तिलाही तिचं एक दृश्य सांगायला लावा, शब्द न वापरता, म्हणजे ते वर्गातले शब्द. तरुण वयात नवे शब्द मिळाले की आपण आधी शब्द बघतो आणि नंतर सिनेमा. ते आपोआप निवळतं, पण समोर आईसारखं साधं विचारणारं माणूस असेल तर लवकर निवळतं.

आणि तिला माझ्याकडून एवढं सांगा: 'रडवलं' हा आरोप एकट्याने पुरा पडत नाही. राय यांनीही आपल्याला रडवलंच. साडी कुठल्या क्षणी पिशवीतून निघावी, आवाज कुठे तोडावा, सूर किती चढा असावा, यातलं काहीही आपोआप घडलेलं नाही. प्रत्येक दिग्दर्शक प्रेक्षकाच्या मनाशी खेळतो, तेच त्याचं काम आहे. तेव्हा कशातून रडवलं, त्या पात्राला काय देऊन रडवलं, हे तिने तुमच्याबरोबर बसून दृश्यागणिक दाखवावं. ते दाखवता आलं तर तिचं मत मान्य करायला तुम्हाला कमीपणा वाटणार नाही. नाही दाखवता आलं तर तिने तो सिनेमा पुन्हा पाहावा.

झोप लागलेला तो संथ सिनेमाही एकदा पुन्हा बघा, तिच्यासाठी म्हणून नव्हे, तुमच्या स्वतःसाठी. रात्री नको. सकाळची कामं आवरल्यावर, ताज्या डोळ्यांनी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिला अर्धा तास फार काही समजून घ्यायच्या मागे लागू नका, नुसतं चौकटीच्या कोपऱ्यांत काय चाललंय ते पाहत राहा. तरीही कंटाळा आला तर तो बेलाशक बंद करा आणि संध्याकाळी तिला सांगा की कंटाळा आला, आणि नेमका कुठल्या दृश्यापासून यायला लागला तेही सांगा.